'संशयकल्लोळ'च्या श्रेयनामावलीत मोलिएर आणि मर्फी हे दोघेही हवेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संगीत रंगभूमीविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. त्यात गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत संशयकल्लोळ'चा उल्लेख 'एका इंग्रजी नाटकावर आधारलेले' असा एका ओळीत उरकला आहे. त्यावर एका वाचकाने पुढच्या आठवड्यात लिहिले की, हे नाटक इंग्रजी नसून थेट फ्रेंच नाटककार मोलिएर याचे आहे. दोन्ही विधानांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत, आणि नाटकाच्या जाहिरातींत, प्रयोगाच्या पत्रिकांत व अभ्यासाच्या टिपणांत यांपैकीच एखादे अर्धे विधान वर्षानुवर्षे फिरत राहिले आहे. या नाटकाचा प्रवास मोलिएरच्या पॅरिसहून आर्थर मर्फी या नाटककाराच्या लंडनला आणि लंडनहून महाराष्ट्रात असा दोन टप्प्यांत झाला. प्रत्येक टप्प्यावर त्यात असे काही बदलले की, मधला टप्पा वगळला तर देवलांनी स्वतः काय केले तेही नीट दिसत नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

मोलिएरचे 'स्गानारेल' हे पद्यातील एक अंकी प्रहसन २८ मे १६६० रोजी पॅरिसच्या पेटी-बूरबाँ या नाट्यगृहात प्रथम झाले. तो काळ नाटकवाल्यांना अनुकूल नव्हता, कारण चौदावा लुई आपल्या विवाहासाठी स्पेनच्या सीमेकडे गेला होता, दरबारही त्याच्याबरोबर होता आणि श्रीमंत प्रेक्षकवर्ग शहराबाहेर होता. तरीही उन्हाळाभर हे प्रहसन गर्दीत चालले, आणि मोलिएरच्या हयातीत त्याच्या सर्व नाटकांत अधिकात अधिक प्रयोग याचेच झाले. 'तार्त्युफ' किंवा 'मिझांथ्रोप' ही नावे आज मोठी वाटतात, पण त्या काळच्या पॅरिसकराला मोलिएर वारंवार दिसला तो स्गानारेलच्या वेषात. त्याच्या मृत्यूनंतर १६७३ साली घरातील वस्तूंची जी यादी झाली, तीत या भूमिकेचा किरमिजी तांबड्या साटिनचा संपूर्ण पोशाख, जोड्यांसकट, नोंदलेला आहे.

याच लोकप्रियतेमुळे एक विलक्षण प्रकार घडला. एका प्रेक्षकाने हे नाटक इतक्या वेळा पाहिले की ते त्याला तोंडपाठ झाले, आणि लेखकाला न विचारता त्याने ते छापवून घेतले. ला नफविलनेन हे नाव धारण करणाऱ्या या गृहस्थाने प्रत्येक प्रवेशाच्या आधी त्या प्रवेशाचा सारांश आणि मोलिएरच्या अभिनयाचे वर्णनही जोडले. एका ठिकाणी तो म्हणतो की, स्गानारेलचा आविर्भाव दाखवायचा तर पूसाँ, लब्रँ आणि मिन्यार या चित्रकारांचा कुंचला हाती हवा. मोलिएरने या चोरीविरुद्ध तक्रार केली, आणि ती योग्यच होती. परंतु एका नटाचा चेहरा, त्याचे थांबणे, त्याचे घाबरणे यांचा समकालीन प्रेक्षकाने लिहून ठेवलेला इतका तपशील त्या चोरीमुळेच आपल्या हाती आला आहे.

कथानक थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण 'संशयकल्लोळ' पाहिलेल्या वाचकाला त्यात आपल्या ओळखीचे सारे सापडेल. सेली नावाच्या मुलीचे लेली या तरुणावर प्रेम आहे, पण बाप पैशाच्या लोभाने तिचे लग्न दुसरीकडे ठरवतो. दुःखाने तिला रस्त्यातच मूर्च्छा येते आणि हातातली लेलीची लहानशी तसबीर खाली पडते. शेजारचा स्गानारेल तिला सावरतो. त्याची बायको ते खिडकीतून पाहते, खाली येते, आणि तोवर रस्त्यात नवरा नसतो पण तसबीर असते. ती उचलून तिची कलाकुसर न्याहाळत असताना स्गानारेल येतो आणि आपल्या बायकोच्या हाती एका देखण्या पुरुषाची तसबीर पाहतो. तो ती हिसकावून घेतो. तेवढ्यात लेली गावी परततो, आपलीच तसबीर एका अनोळखी माणसाच्या हाती पाहून चक्रावतो आणि ती कोठून मिळाली असे विचारतो. 'माझ्या बायकोकडून', असे उत्तर येते, आणि सेलीने या माणसाशी लग्न केले, असा अर्थ लेली त्यातून काढतो. त्यालाही घेरी येते, आणि स्गानारेलची बायको माणुसकीने त्याला घरात नेऊन बसवते. तो घरातून बाहेर पडताना स्गानारेलच्या दृष्टीस पडतो. येथवर एकानेही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने डोळ्यांनी जे पाहिले ते खरेच आहे, आणि प्रत्येकाचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. घटनांची ही साखळी मोलिएरने साडेसहाशेच्या आसपास ओळींत बसवली आहे. मी अनेक प्रहसने वाचली आहेत, पण इतक्या थोड्या जागेत इतका घट्ट विणलेला घोटाळा मला दुसरीकडे आढळलेला नाही.

मोलिएरचा स्गानारेल मात्र 'संशयकल्लोळ'मधील संशयी नवऱ्यापेक्षा, आपल्या फाल्गुनरावांपेक्षा, वेगळा आहे. तो भित्रा आहे. अब्रूसाठी प्रतिस्पर्ध्याशी लढावे की न लढावे, याचा तो एक लांबलचक स्वगतात विचार करतो आणि मरण्यापेक्षा फसवला गेलेला नवरा होऊन जगणे बरे, या निर्णयाला येतो. पुढे तो नखशिखान्त चिलखत चढवून लेलीवर चालून जातो, पण लेलीने 'हे कशासाठी?' असे विचारताच 'पावसासाठी घातले आहे', असे सांगून मोकळा होतो. अखेरीस सेलीची दासी एकेकाला नीट प्रश्न विचारून गाठ सोडवते, आणि डोळ्यांनी सारे पाहिले तरी कशावरही विश्वास ठेवू नका, असे प्रेक्षकांना सांगून स्गानारेल नाटक संपवतो.

इंग्लंडमध्ये हे प्रहसन फार लवकर पोहोचले. विल्यम डॅव्हनंटने १६६३ साली आपल्या एका नाटकाच्या एका अंकात ते घातले, तेही फ्रेंच नटमंडळी मोडक्या इंग्रजीत बोलत आहेत अशा थाटात. टॉमस रॉलिन्सने पुढच्या दशकात 'टॉम एसेन्स'मध्ये त्याचा उपयोग केला. या रूपांतरांचे महत्त्व त्या काळापुरतेच होते. ज्या रूपाने नाटक पुढे टिकले आणि आपल्यापर्यंत आले, ते रूप आर्थर मर्फीने दिले.

मर्फीचा जन्म आयर्लंडमधला. तो काही काळ नट होता, पुढे वकील झाला, आणि नाटककार म्हणून लंडनमध्ये त्याने नाव मिळवले. १७६१ च्या उन्हाळ्यात त्याने सॅम्युएल फूट या नटाबरोबर भागी करून डेव्हिड गॅरिककडून ड्रुरी लेन नाट्यगृह मोसमापुरते भाड्याने घेतले, आणि त्या मोसमात त्याचे 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी गद्य नाटक रंगमंचावर आले. मोलिएरच्या एका अंकाचे पाच अंक करताना मर्फीने नुसती भर घातली, असे कोणी समजू नये. त्याने मुळातले एक नाते बदलले. मोलिएरच्या प्रहसनात संशय घटनेतून जन्मतो, म्हणजे तसबीर पडली नसती तर स्गानारेल शांतपणे जेवायला गेला असता. मर्फीचा सर जॉन रेस्टलेस पडदा उघडतो तेव्हाच बायकोविषयी नोकराची उलटतपासणी घेत असतो. संशय हा त्याचा स्वभाव आहे, तसबीर हे केवळ निमित्त. लेडी रेस्टलेसही तितकीच संशयी, आणि तरुण नायक बेव्हर्ली हाही त्याच मातीचा. घटनेवरचा भर मर्फीने स्वभावावर आणला आणि संशयाचे ओझे नवरा, बायको व प्रियकर या तिघांवर सारखे वाटले. फाल्गुनराव, कृत्तिका आणि अश्विनशेठ हे आपले त्रिकूट याच वाटणीतून आले आहे. 'थेट मोलिएरवरून' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

देवलांनी हे नाटक प्रथम १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात लिहिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचा हा शिष्य मुळातच तालमीचा माणूस होता. नटाच्या तोंडी वाक्य कसे बसते, हे त्याला लेखणी उचलण्याआधी माहीत होते, आणि म्हणूनच या नाटकाचे मराठी घरगुती, चटपटीत आणि आजही न शिळावलेले आहे. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देण्याची त्यांची कल्पना तर प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक आहे: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. या एका युक्तीने सारे नाटक पॅरिस आणि लंडन सोडून आपल्या पंचांगात येऊन बसले.

पण देवलांचा खरा पेच नावांचा नव्हता, नायिकेचा होता. मोलिएरची सेली आणि मर्फीची बेलिंडा या कुलीन घरातल्या, वयात आलेल्या, अविवाहित मुली आहेत. त्या प्रियकराची तसबीर जवळ बाळगतात, रस्त्याने हिंडतात आणि लग्नाविषयी स्वतःचे मत सांगतात. १८९३ च्या महाराष्ट्रात पांढरपेशा घरात अशी मुलगी दाखवणे शक्यच नव्हते, कारण त्या वयापर्यंत तिचे लग्न होऊन गेलेले असे. (याच समाजातील बालाजरठ विवाहावर देवलांनी पुढे १८९९ साली 'शारदा' लिहिले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) देवलांनी त्यातून काढलेला मार्ग असा की, रेवती ही नायकिणीच्या घरातली मुलगी केली. तिला मोकळेपणाने बोलता येते, प्रियकर निवडता येतो, आणि अश्विनशेठचा संशयही अधिक जिव्हारी लागतो, कारण तिच्या कुळाकडे बोट दाखवायला जग टपलेलेच आहे. एका सद्गुणी गणिकेची प्रेमकथा देवलांच्या हाताखालून आधी गेलेली होतीच, कारण शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'चे त्यांनी मराठी संगीत नाटक केले होते. युरोपातून आलेल्या प्रहसनाला त्यांनी त्या गणिकेच्या, म्हणजे वसंतसेनेच्या, वाटेने घरात घेतले, असे मला वाटते, आणि रेवतीच्या प्रत्येक प्रवेशात मला त्याची खूण दिसते. प्रहसनाला आधी नसलेली करुणेची एक कड या बदलामुळे मिळाली. मोलिएरच्या सेलीविषयी आपल्याला सहानुभूती वाटते, पण रेवतीविषयी काळजी वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती कोठे चर्चिलेली माझ्या वाचनात नाही. मोलिएरच्या प्रहसनात संशयी बायकोला नावच नाही. पात्रांच्या यादीत ती केवळ 'स्गानारेलची बायको' आहे. मर्फीकडे ती लेडी रेस्टलेस होते, म्हणजे नवऱ्याचेच नाव तिला मिळते. देवलांकडे तिला स्वतःचे नाव मिळाले आणि कृत्तिका म्हणून ती नाटकातली एक स्वतंत्र, तिखट, मानी बाई झाली. फाल्गुनरावांशी ती बरोबरीने भांडते, आणि तिचे दुःख लेखकाने हसण्यावारी नेलेले नाही. ज्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत, तेथे हे व्हावे, ही लहान गोष्ट नव्हे.

१९१६ साली देवलांनी या गद्य नाटकात पदे घालून त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' केले, ते गंधर्व नाटक मंडळीसाठी. त्याच वर्षी १४ जून रोजी देवल गेले, आणि हे संगीत रूप रंगमंचावर आले ते त्यांच्या पश्चात. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचे फाल्गुनराव यांची वर्णने आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. पदे घातल्यामुळे प्रहसनाची गती मंदावते, असा आक्षेप काही जाणकार घेतात. गद्य भागाचा वेग पाहता तो सर्वस्वी निराधार नाही. तरीही 'मृगनयना रसिक मोहिनी' किंवा 'मजवरी तयाचे प्रेम खरे' यांनी या जोडप्याच्या प्रेमाला जे वजन आले, ते गद्यात आले नसते. त्या प्रेमाला वजन नसेल तर संशयाने काय मोडू पाहते आहे, हेही प्रेक्षकाला जाणवणार नाही. मोलिएरने स्गानारेलच्या तोंडून दोन ओळींत सांगितलेला उपदेश 'हृदयी धरा हा बोध खरा' या पदात येतो तेव्हा त्याचा रोख बदललेला असतो. फ्रेंच स्गानारेल डोळ्यांवर विश्वास ठेवू नका म्हणतो, देवल संशयाला थारा देऊ नका म्हणतात आणि त्याला झोटिंगाची उपमा देतात. पहिला उपदेश पुराव्याविषयी आहे, दुसरा मनाविषयी, आणि या दोहोंच्या मध्ये मर्फीने स्वभावाकडे वळवलेले नाटक उभे आहे.

यावर कोणी म्हणेल की, इतकी उसनवारी उघड करून देवलांचे मोठेपण कमी होईल. मला ही भीती मुळीच पटत नाही. देवलांच्या सात नाटकांपैकी 'शारदा' तेवढे सर्वस्वी स्वतंत्र आहे. बाकीची संस्कृतातून किंवा इंग्रजीतून आलेली आहेत, आणि 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून केले हे सांगताना आपल्याला कधी संकोच वाटला नाही. हरि नारायण आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' हे मोलिएरच्या जबरदस्तीने वैद्य झालेल्या लाकूडतोड्यावरून आले (त्या लाकूडतोड्याचे नावही स्गानारेलच), आणि आचार्य अत्र्यांचे 'कवडीचुंबक' मोलिएरच्या कंजुषावरून, हेही आपण मोकळेपणाने सांगतो. मग 'संशयकल्लोळ'च्याच बाबतीत 'एक इंग्रजी नाटक' एवढी मोघम नोंद का असावी? मोलिएरचे नाव जगभर मोठे आहे, ते कोणीतरी आठवणीने घेईल. मर्फीला इंग्लंडमध्येही आज फारसे कोणी वाचत नाही. त्याच्या नाटकाचे मराठी रूप सव्वाशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रात आणि गोव्यात रसिकांच्या डोळ्यांसमोर आहे, तेव्हा त्याचे ऋण सांगण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

माझी विनंती दोन प्रकारची आहे. पहिली आपल्यासारख्या वृत्तपत्रांना आणि नाट्यसंस्थांना. 'संशयकल्लोळ'ची जाहिरात, पत्रिका किंवा परीक्षण छापताना मूळ मोलिएर (१६६०), इंग्रजी रूप आर्थर मर्फी (१७६१), मराठी रूप गो. ब. देवल (गद्य १८९३, संगीत १९१६) एवढी एक ओळ द्यावी. दरवर्षी १४ जूनला देवलांचा स्मृतिदिन नाट्यसृष्टी पाळते, त्या निमित्ताने येणाऱ्या लेखांतून ही ओळ एकदा नीट छापली गेली तरी पुढच्या अभ्यासकांचे काम सोपे होईल.

दुसरी विनंती रंगकर्मींना आहे. मोलिएरचे मूळ प्रहसन एकाच अंकाचे असल्याने तासाभरात संपते आणि त्याला एका रस्त्यापलीकडे व दोन घरांच्या दारांपलीकडे नेपथ्य लागत नाही. फ्रेंच शिकवणाऱ्या आपल्या विद्यापीठांतून त्याचे थेट मराठी भाषांतर करणारे विद्यार्थी मिळू शकतील. एखाद्या संस्थेने एकाच संध्याकाळी आधी हे प्रहसन आणि मध्यंतरानंतर 'संशयकल्लोळ'मधील तसबिरीचे प्रवेश, त्याच नटांना घेऊन, सादर करावेत. स्गानारेल करणाऱ्या नटानेच फाल्गुनराव करावा आणि ती निनावी बायको करणाऱ्या अभिनेत्रीने कृत्तिका. संगीत नाटकांच्या राज्य स्पर्धेसाठी दरवर्षी तयारी करणाऱ्या मंडळींकडे गाणारे नट असतात, तालमीची शिस्त असते आणि पदांची साथ करणारे वादकही असतात. त्यांच्यापैकी कोणी हे मनावर घेतले तर सांगलीत, म्हणजे ज्या हरिपुरात देवल जन्मले त्याच्या जवळच, पहिला प्रयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे. भाषांतराची संहिता तपासणे, तिकिटे खपवणे किंवा सभागृहाची व्यवस्था पाहणे यांपैकी जे काम वाट्याला येईल ते करण्यास मी आणि माझे काही नाट्यप्रेमी स्नेही तयार आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली